मच्छिंद्रनाथांचे नाटक : पतन, वचन की माया?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगररांगेत सावरगावाजवळ मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. परिसरातले लोक या ठिकाणाला मायंबा म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. याच डोंगरांच्या आसपास नाथपरंपरेतील इतर सिद्धांचीही स्थाने आहेत. कानिफनाथांची समाधी शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मढीला आहे, जालिंदरनाथांची बीड जिल्ह्यात येवलवाडीला, तर गहिनीनाथांची पाटोदा तालुक्यातील चिंचोलीला. एका छोट्या टापूत इतक्या सिद्धांच्या समाध्या मानल्या जातात, यावरून या भागाच्या धर्मजीवनात नाथपंथाचे स्थान किती मोठे आहे ते कळते.

यांपैकी मच्छिंद्रनाथांचे चरित्र सर्वांत वादग्रस्त आहे. ते हठयोगाच्या परंपरेचे आद्य मानवी गुरू मानले जातात. हठयोगप्रदीपिकेतील सिद्धांच्या यादीत आदिनाथांनंतर त्यांचेच नाव येते आणि मत्स्येंद्रासन हे आसन त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तरीही हा महासिद्ध स्त्रीराज्यात जाऊन राणीच्या संगतीत रमला, योग विसरला आणि शिष्य गोरक्षनाथांनी त्याला तिथून सोडवून आणले, अशी कथा त्यांच्याच पंथाने शतकानुशतके सांगितली आहे. याच कथेची नाटके झाली आणि पुढे चित्रपटही निघाले. ज्ञानी माणूस भोगात सापडू शकतो का, आणि सापडला तर त्याचे ज्ञान खरे होते का, हा धर्मविचारातला अवघड प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

कथेचा आराखडा

मराठी माणसाला ही कथा मुख्यतः ‘नवनाथभक्तिसार’ या ग्रंथातून माहीत असते. धुंडीसुत मालू नरहरी यांनी शके 1741 मध्ये, म्हणजे इ.स. 1819 मध्ये हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. श्रावणात आणि इतर पर्वकाळीही त्याची पारायणे होतात. पोथीनुसार मच्छिंद्र हे कविनारायणाचा अवतार असून ते माशाच्या पोटी जन्मले. शिव पार्वतीला करीत असलेला उपदेश त्यांनी तेथूनच ऐकला.

पुढे सेतुबंध रामेश्वरी त्यांची मारुतीशी गाठ पडते. स्त्रीराज्याची राणी मैनाकिनी हिने मारुतीसाठी तप केलेले असते. मारुती ब्रह्मचारी असल्याने तो तिची इच्छा पुरवू शकत नाही, म्हणून तुझ्यासाठी मच्छिंद्र येईल असे त्याने तिला सांगितलेले असते. त्याच्या विनंतीवरून मच्छिंद्र स्त्रीराज्यात जातात. ही राणी किलोतळा या नावानेही ओळखली जाते. मच्छिंद्रांपासून तिला मीननाथ हा पुत्र होतो.

इकडे गोरक्ष गुरूच्या शोधात फिरत असतात. त्यांची जालिंदरांचे शिष्य कानिफ यांच्याशी भेट होते. गोरक्षांचे गुरू स्त्रीराज्यात असल्याचे कानिफ सांगतात. कानिफांच्या गुरूला गोपीचंद राजाने खड्ड्यात पुरल्याचे गोरक्ष सांगतात. दोन शिष्य एकमेकांच्या गुरूची अडचण उघड करतात आणि दोघेही आपापल्या गुरूला सोडवायला निघतात. गोरक्ष स्त्रीवेशात कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात सामील होतात. राजदरबारात मृदंग वाजवताना ते त्याच्या बोलांतूनच गुरूला आपण आल्याची खूण देतात आणि मच्छिंद्र भानावर येतात.

परतीच्या वाटेवरही गुरूच्या मनातली ओढ संपलेली नसते. मीननाथाला स्वच्छ करण्याचे निमित्त साधून गोरक्ष त्याला कपड्यासारखा धुऊन मारतात. गुरू शोकाने व्याकूळ होतात, तेव्हा आत्मा अविनाशी आहे याची आठवण देऊन गोरक्ष मुलाला पुन्हा जिवंत करतात. शेवटचा प्रसंग गर्भगिरीवर घडतो. राणीने दिलेली सोन्याची वीट मच्छिंद्रांनी झोळीत ठेवलेली असते. ती गोरक्ष फेकून देतात आणि गुरू खेद करू लागल्यावर सगळा डोंगरच सोन्याचा करून दाखवतात. त्याच डोंगरावर पुढे मोठा भंडारा होतो. म्हणजे स्त्रीराज्यात सुरू झालेल्या या कथेचा शेवटचा अंक नगर-बीडच्या डोंगरांत येऊन संपतो.

इतिहासातील मच्छिंद्र

पोथीबाहेरचे मच्छिंद्र वेगळे दिसतात. ‘कौलज्ञाननिर्णय’ हा तंत्रग्रंथ त्यांच्या नावावर आहे. नेपाळमधील हस्तलिखितावरून प्रबोधचंद्र बागची यांनी तो 1934 मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. ते हस्तलिखित अकराव्या शतकातले मानले जाते. काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी इ.स. 1000 च्या सुमारास लिहिलेल्या ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंदविभूंना, म्हणजे मच्छिंद्रांना वंदन केले आहे. त्यामुळे त्या काळापूर्वीच मच्छिंद्र हे कौलमार्गाचे थोर आचार्य म्हणून काश्मीरपर्यंत ज्ञात होते, हे निश्चित होते.

कौलमार्गाची दृष्टी संन्यासमार्गाहून वेगळी आहे. कुल म्हणजे शक्ती आणि अकुल म्हणजे शिव. त्यांचे सामरस्य याच देहात अनुभवायचे, हे या मार्गाचे ध्येय आहे. त्यात देह आणि इंद्रिये साधनेची उपकरणे ठरतात. योगिनींना येथे मोठा मान आहे. कामरूपात, म्हणजे आजच्या आसाम भागात, हे शास्त्र योगिनींच्या घरोघरी नांदते, असे कौलज्ञाननिर्णयात म्हटले आहे. म्हणजे या ग्रंथात स्त्रिया ज्ञानाच्या धारक आहेत. त्यांच्या सहवासात राहणे हा मच्छिंद्रांच्या साधनेचाच भाग असावा.

गोरक्षनाथांच्या नावाने पुढे वाढलेला हठयोग दुसऱ्या दिशेने गेला. त्यात ब्रह्मचर्य, बिंदुरक्षण, प्राणाचा निरोध आणि कुंडलिनीचे ऊर्ध्वगमन यांना महत्त्व आले आणि स्त्रीसंग हा साधनेतला सर्वांत मोठा धोका ठरला. पण या शिस्तीच्या पंथाचा मूळ गुरू तर योगिनींच्या संगतीत राहणारा कौल आचार्य होता. त्याला नाकारता येत नव्हते आणि त्याचा मार्गही पुढे चालवता येत नव्हता. या पेचातून स्त्रीराज्याची कथा आकाराला आली असावी, असे अनुमान करता येते. तसे असेल तर योगिनींचे कामरूप कथेत स्त्रीराज्य झाले, साधना मोह ठरली आणि आचार्याला बंदिवान करून शिष्याकडे त्याच्या सुटकेचे काम देण्यात आले.

मराठी परंपरेत नवनाथभक्तिसाराच्याही बराच आधीचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेवांनी आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. सप्तशृंगावर हातपाय तुटलेल्या चौरंगीला मच्छिंद्र भेटले आणि तो सर्वांगाने पूर्ण झाला, असे तेथे वर्णन आहे. मग अखंड समाधी भोगावी, ही वासना धरून मच्छिंद्रांनी आपली मुद्रा गोरक्षांना दिली. स्त्रीराज्याचा तेथे उल्लेखच नाही. ज्ञानदेवांच्या मच्छिंद्रांना वासना आहे, पण ती समाधीची. गोरक्षांचा गौरव मात्र ज्ञानदेव विषयांचा विध्वंस करणारा वीर म्हणून करतात. कौल आचार्य आणि विरक्त योगी यांच्यातला फरक त्यांनी असा एका शांत वारसाहक्कात बसवला आहे.

तीन मांडण्या, तीन उत्तरे

स्त्रीराज्याच्या कथेला नाट्यरूप फार पूर्वीच मिळाले. मैथिल कवी विद्यापती यांनी राजा शिवसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकाच्या आरंभी, ‘गोरक्षविजय’ हे नाटक लिहिले. त्यातले संवाद संस्कृत-प्राकृतात असून गीते मैथिलीत आहेत. नाटकाचे नावच त्याचा निर्णय सांगते. येथे विजय शिष्याचा आहे. गुरू खरोखरच गुंतला होता आणि शिष्याने त्याला खरोखरच सोडवले, हे या मांडणीचे उत्तर आहे. बंगालमध्ये याच कथेवर रचली गेलेली ‘गोरक्षविजय’ आणि ‘मीनचेतन’ ही आख्यानकाव्येही याच बाजूची आहेत.

दुसरे उत्तर नवनाथभक्तिसाराचे. तेथे मच्छिंद्र स्वतःच्या इच्छेने स्त्रीराज्यात जात नाहीत. मारुतीने दिलेला शब्द पाळण्यासाठी ते जातात. राणीला तिच्या तपाचे फळ मिळायचे असते आणि ते देण्याचे काम मच्छिंद्रांवर येते. त्यामुळे भोगाचा दोष बराचसा वचनावर आणि विधिलिखितावर जातो. पण पोथी तेवढ्यावर थांबत नाही. वचन पूर्ण झाल्यावरही मुलावरची माया आणि विटेचा लोभ उरतोच. म्हणजे प्रसंग दुसऱ्यासाठी पत्करला तरी त्याचा संस्कार पत्करणाऱ्याच्या मनावर उमटतो, हे पोथीकाराने मान्य केले आहे. तिन्ही उत्तरांत मानवी स्वभावाची जाण यात सर्वाधिक आहे.

तिसरे उत्तर विसाव्या शतकातले. मणिशंकर त्रिवेदी यांच्या ‘सिद्धसंसार’ या नाटकावरून कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 1932 मध्ये ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते आणि बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. मच्छिंद्रांची भूमिका आणि संगीत या दोन्ही जबाबदाऱ्या गोविंदराव टेंबे यांनी सांभाळल्या. ‘मानापमान’ला चाली देणारे आणि 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत वाटा असणारे टेंबे हे संगीत रंगभूमीचे माणूस होते. दुर्गा खोटे यांनी किलोतळेची आणि मास्टर विनायक यांनी गोरक्षाची भूमिका केली. पाळलेल्या चित्त्यासह दरबारात वावरणारी राणी प्रेक्षकांच्या कायम लक्षात राहिली. या मांडणीत शेवटी उलगडा होतो की स्त्रीराज्य, राणी, भोग, सगळे गुरूनेच उभे केलेले मायेचे दृश्य होते आणि शिष्याला मायेचे स्वरूप दाखवण्यासाठी त्याने हा खेळ मांडला होता. नंतर तमिळ, हिंदी आणि तेलुगू चित्रसृष्टीनेही ‘माया मच्छिंद्र’ याच नावाने ही कथा पुन्हा पडद्यावर आणली.

वेदान्तातील तोच प्रश्न

हा प्रश्न नाथपंथापुरता नाही. माधवाच्या नावावरील ‘शंकरदिग्विजय’ या काव्यात आद्य शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश करण्याचे ठरवतात. उभयभारती या विदुषीने वादात विचारलेल्या कामशास्त्रविषयक प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यायची असतात. तेव्हा त्यांचे शिष्य पद्मपाद त्यांना सावध करतात आणि उदाहरण देतात ते मच्छिंद्रांचेच. स्वतःचा देह गोरक्षांच्या हवाली करून मच्छिंद्रांनी राजाच्या देहात प्रवेश केला आणि ते तिथेच रमले, मग गोरक्षांनी नृत्यसंगीताच्या निमित्ताने महालात शिरून त्यांना परत आणले, असे पद्मपाद सांगतात. ज्याला आसक्ती नाही त्याला कर्म चिकटत नाही, असे शंकराचार्यांचे उत्तर आहे. पण पुढे त्याच काव्यात शिष्यांना गायक बनून दरबारात जावे लागते आणि गाण्यातून गुरूला स्वरूपाची आठवण करून द्यावी लागते.

येथे दोन भूमिका समोरासमोर येतात. पहिलीनुसार ज्ञान एकदा झाले की ते कायमचे. जीवन्मुक्ताचा देह प्रारब्धाने चालतो आणि त्या देहाने भोग घेतला तरी त्याच्या ज्ञानाला बाधा येत नाही. दुसरीनुसार ज्ञान झाले तरी देह आणि मन यांच्या सवयी उरतात. त्यामुळे अभ्यास, सावधानता आणि सत्संग यांची गरज अखेरपर्यंत राहते. सिद्धान्त म्हणून पहिली भूमिका निर्दोष आहे. पण दोन्ही कथांत शिष्याला जावेच लागले, ही गोष्ट दुसऱ्या भूमिकेच्या बाजूने आहे. कथाकारांनी सिद्धान्ताचा मान राखला आणि अनुभवालाही जागा दिली.

दोन्ही कथांत गुरूला जाग येते ती कलेमुळे. गोरक्ष शास्त्रार्थ करीत नाहीत, शस्त्रही उचलत नाहीत. ते वेश घेतात, मृदंग वाजवतात आणि सभेला आपला खेळ दाखवतात. नाटकातच दुसरे नाटक घडते आणि त्यातून सत्य ओळखीचे होते. ही कथा रंगभूमीने इतक्या सहजपणे उचलली, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. किंगरी-डौरावर नाथांची आख्याने गाणारे नाथपंथी डवरी गोसावी हीच परंपरा चालवत आले. गोरक्षांनी वाद्यातून गुरूला जागे केले; यांनी समाजाला जागे करण्यासाठी वाद्य हाती घेतले.

मूल्यमापन

तिन्ही उत्तरांची तुलना केली तर सारे मायाच होते हे उत्तर सर्वांत चतुर असले तरी सर्वांत कमकुवत ठरते. त्यात गुरूची प्रतिष्ठा पूर्ण सुरक्षित राहते, पण शिष्याच्या धडपडीची किंमत जाते. गोरक्षांनी पाहिलेला धोका खरा नसेल, तर त्यांचे धैर्यही खोटे पडते. शिवाय अशा उत्तराचा व्यवहारात दुरुपयोग सोपा असतो. आपले कोणतेही वर्तन भक्ताची परीक्षा होती असे म्हणणाऱ्या बुवाला या युक्तिवादाचा आयता आधार मिळतो. मंत्रतंत्राच्या नावाखाली होणारी फसवणूक आणि अत्याचार रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा समाजात खरी चूक आणि लीला यांतल्या फरकाला फार महत्त्व आहे.

पोथीचे उत्तर अधिक प्रामाणिक आहे. पंथाने आपल्या आद्य गुरूची दुर्बलता झाकली नाही. ती ओव्यांत घातली, दरवर्षी पारायणात वाचली आणि तरीही त्या गुरूच्या समाधीपुढे माथा टेकला. मच्छिंद्रांचा अपमान करण्याचा हेतू त्यामागे नव्हता. गुरुभक्तीतच गुरूला हाक मारून जागे करण्याचे कर्तव्यही येते, हा त्यातला धडा आहे. गोरक्ष गुरूला सोडून जात नाहीत आणि त्याच्या चुकीला लीला म्हणून डोळेही मिटत नाहीत. विटेच्या प्रसंगी ते गुरूशी वाद घालीत बसत नाहीत. सोने आणि दगड यांत आपल्याला भेद उरलेला नाही, हे ते कृतीने सिद्ध करतात.

मात्र पोथीलाही एक मर्यादा आहे आणि ती नाटकांनीही ओलांडली नाही. या साऱ्या मांडण्यांत स्त्री मुख्यतः मोहाचे रूप होऊन येते. कौलज्ञाननिर्णयातील योगिनी ज्ञान सांभाळणाऱ्या होत्या. स्त्रीराज्याची राणी मात्र सिद्धाला अडकवणारी म्हणूनच उरली. प्रत्यक्षात पोथीतली मैनाकिनीही तपस्विनी आहे. तिने तप केले, वचन मिळवले आणि शेवटी पतीचा वियोग सोसला. तिच्या बाजूने पाहिले तर सोडवणुकीची हीच कथा एका घराच्या मोडण्याची कथा होते. विरक्तीची किंमत ज्यांना न विचारता मोजावी लागते, त्यांचा प्रश्न गोरक्षांच्या विजयात मिटत नाही.

मच्छिंद्रांचे स्वरूप एका उत्तरात मावणारे नाही. नेपाळमध्ये पाटणचे लोक त्यांना पर्जन्य देणारा रातो मच्छिंद्रनाथ म्हणून रथात मिरवतात आणि बौद्ध त्यांनाच अवलोकितेश्वर मानतात. काश्मीरच्या शैवांसाठी ते कौलविद्येचे आचार्य आहेत, ज्ञानदेवांसाठी समाधीची आस धरलेले परमगुरू आणि आष्टी-पाटोद्याच्या भाविकांसाठी हाकेला धावणारे मायंबाचे नाथ. यापुढे जो कोणी त्यांच्यावर नाटक लिहील, त्याने स्त्रीराज्य ही माया होती असे सांगून सुटका करून घेऊ नये. कौल आचार्याला त्याचे तत्त्वज्ञान मांडू द्यावे, राणीला तिचे म्हणणे बोलू द्यावे आणि गोरक्षांना गुरूसमोर उभे राहून जाब विचारू द्यावा. देहात राहून मुक्त होता येते का, हा प्रश्न या तिघांच्या संवादातूनच पूर्णपणे मांडता येईल. आणि त्याचे उत्तर काहीही निघाले तरी शिष्याचा प्रश्न विचारण्याचा अधिकार कायम राहिला पाहिजे, कारण नाथपंथाने तो आपल्या आद्य गुरूच्या शिष्याला दिला आहे.